कॅलेंडरवरची दरी

"यांना ती दरी दाखव गं. आणि गाडी तू चालव. यांच्या हाती देऊ नकोस, हे बोलत बोलत चालवतात."

लताबाईंचा आवाज तेव्हा इतका बारीक झाला होता, की कल्याणीला कान अगदी त्यांच्या ओठांशी न्यावा लागला होता. आई जाऊन दोन वर्षं झाली, पण ते वाक्य अजून तिच्या कानाला चिकटून होतं. आणि स्वयंपाकघरात ते कॅलेंडरही तसंच होतं. इंग्लंडात, लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या साडीच्या दुकानातून फुकट मिळालेलं, अमेरिकेच्या वाळवंटातल्या त्या अजस्र, तांबूस दरीचं. वर्ष कधीच उलटून गेलं, पण आईने ते पान बदललं नव्हतं. मग कल्याणीच्यानेही बदलवलं नाही.

आत्ता, ड्रायव्हिंग टेस्टच्या सेंटरबाहेर, ओल्या कठड्यावर बसून ती तेच वाक्य ऐकत होती. तिसऱ्यांदा नापास! चढावर गाडी बंद पडली, पाय थरथरायला लागले, डोळ्यांपुढे काजवे... आणि शेजारच्या परीक्षकाने शांतपणे कागदावर काहीतरी खरडलं. संपलं.

ती उठायला गेली आणि जग एकदम कलल्यासारखं झालं. "आई गं..."

"सावकाश!" कुणीतरी कोपराला धरलं आणि लगेच सोडलंही. चष्मा लावलेला, उंचसा तरुण होता. दुसऱ्या हातात अर्धं सोललेलं केळं. "मराठी ना? मग हा केळा घ्या आधी."

"हे केळं," तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं. मग ती ओशाळली. "म्हणजे... नको. आज माझी संकष्टी आहे."

"मग काय झालं? संकष्टीला केळं चालतं. कॉव्हेंट्रीला आमच्या शेजारच्या काकू डझनाने खायच्या."

"माझी निर्जळी असते."

"पाणीसुद्धा नाही?" त्याने तिच्याकडे पाहिलं, मग सेंटरच्या दाराकडे पाहिलं. "आणि टेस्ट दुपारी. याआधीही दिलीत? कधी?"

"दोनदा. संकष्टीलाच." तिचा आवाज खाली गेला. "मुद्दाम तशाच तारखा घेतल्या होत्या. शुभ दिवस म्हणून..."

त्याने ओठ घट्ट मिटले. हसू दाबताना त्याच्या गालावर एक खळी पडली, आणि कल्याणीच्या ते लक्षात आलं. लक्षात आलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

"देव पास करेल हो," तो म्हणाला. "पण क्लच दाबायला पायात जीव तुमचाच लागणार ना?"

खरं तर चिडायला हवं होतं. पण किती महिन्यांनी तिला हसू फुटलं... रडताना हसू.

"मी प्रज्ञेश वाघमारे. ड्रायव्हिंग शिकवतो, माझा एक विद्यार्थी आत टेस्ट देतोय." मग तो म्हणाला, "आमच्याकडे उपास नसतात. बुद्धवंदना असते, आणि जयंतीला जेवण असतं. भरपूर!"

* * *

तो २००६ चा उन्हाळा. कल्याणी हॉस्पिटलच्या लॅबमधून सुटली, की प्रज्ञेशची छोटी निळी गाडी डोक्यावर लाल 'एल' मिरवत कोपऱ्यावर उभी असायची.

"क्लच असा सोडायचा... झोपलेल्या बाळाच्या खालून हात काढतो ना, तसा. बाळ उठता कामा नये."

बाळ रोज उठायचं. ठेचकाळत, किंचाळत उठायचं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या आणि कल्याणी घाईघाईने पुन्हा किल्ली फिरवायची. गोल चौक आला, की तिचं पुटपुटणं सुरू व्हायचं— "ॐ गं गणपतये नमः..."

"बाप्पाला बोलवा, पण उजवीकडून बस येतेय, तिच्याकडेही बघा!"

"चेष्टा करताय?"

"छे! बाप्पा आणि बस, दोघांनाही वाट द्यावी लागते. एवढंच."

काचेवर पावसाची बारीक रेघ उतरायची. वायपर एकदा इकडे, एकदा तिकडे. आरसा नीट करताना कधीतरी त्यात रस्त्याऐवजी त्याचेच डोळे दिसायचे... आणि पुढचा गिअर हमखास चुकायचा.

पहिल्याच आठवड्यात एकदा गाडी बाजूला उभी करून तिने त्याला सगळं सांगितलं. बाबांच्या काचबिंदूचं. डॉक्टर म्हणालेत, जे बघायचं ते या वर्षात बघून घ्या. बाबांना आताच नळीतून बघितल्यासारखं दिसतं, कडा सगळ्या काळ्या. ऑक्टोबरमध्ये त्यांना घेऊन अमेरिकेला जायचं, तिथे गाडी भाड्याने घ्यायची, आणि वाळवंटातून थेट त्या दरीपर्यंत...

"आईला शब्द दिलाय मी. आणि मला साधा चढ चढता येत नाही हो!"

प्रज्ञेश काहीतरी बोलणार होता. ओठ उघडलेही होते त्याने. पण मग नुसतंच म्हणाला, "येईल चढता."

त्याला काय बोलायचं होतं, ते त्या दिवशी तिने विचारलं नाही.

* * *

टेस्टच्या आधी 'छोट्या दरीत' सराव करायचा, ही कल्पना त्याचीच. समरसेटमधली चेडरची घळ. दोन्ही बाजूंना उभे चुनखडीचे कडे, आणि त्यांच्या फटीतून नागमोडी रस्ता. मोटरवेवर शिकाऊ माणसाला परवानगी नाही, म्हणून तिथवर तो चालवणार आणि घळीत ती. तिचे बाबा दादासाहेब अर्थातच मागच्या सीटवर.

होजिअरीच्या कारखान्यात सारी हयात घालवलेले दादासाहेब लेस्टर सोडल्यापासून बोलत होते. "मास्तर, तुम्ही फार सावकाश हाणता. मी असतो तर एव्हाना समुद्रात पोचलो असतो."

"म्हणूनच काकूंनी गाडी तुमच्या हाती दिली नाही, काका."

"घ्या! माझीच गुपितं, माझ्याच पाठीमागे!" पण ते खूश होते.

घळीच्या तोंडाशी प्रज्ञेश उतरून शेजारच्या सीटवर आला आणि कल्याणी स्टीअरिंगपुढे बसली. कडे दोन्हीकडून अंगावर आले. पहिलं वळण निभलं. दुसऱ्या वळणावर रस्त्याच्या मधोमध एक रानबकरी उभी, निवांत, जणू घळ तिच्या बापजाद्यांची! कल्याणीने ब्रेक दाबला. गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली... पुन्हा बंद. मागे गाड्यांची रांग. कपाळावर घाम, हात बर्फ.

"आज चतुर्थी आहे? पुन्हा निर्जळी?" प्रज्ञेशने हळूच विचारलं.

तिने होकाराची मान हलवली.

"निर्जळी?" मागून दादासाहेब ताडकन म्हणाले. "हे नवीन कुणी काढलं?"

"आई करायची ना संकष्टी, बाबा..."

"तुझी आई?" दादासाहेबांना हसू आवरेना. "अगं, लता संकष्टीला तीनदा चहा प्यायची! साबुदाण्याचे वडे वेगळेच. म्हणायची, उपाशीपोटी माझं देवात लक्ष लागत नाही, तुमच्यावर खेकसण्यात लागतं."

कल्याणी वळून बघतच राहिली. आई गेल्यावर हे पाणी तिचं तिनेच सोडलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. आईसाठी आणखी काहीतरी सोडायला हवं, असं वाटलं होतं... आणि सोडायला पाण्याखेरीज काही उरलं नव्हतं.

प्रज्ञेशने सीटखालून थर्मास काढला. "लिंबूसरबत आहे. साखर आणि सैंधव. काकूंना फोन करून विचारलं होतं काय चालतं ते. कॉव्हेंट्रीच्या, केळीवाल्या." तो तिच्याकडे बघत नव्हता, थर्मासच्या झाकणाशीच झटत होता. "रोज आणतो. तुम्ही कधी मागितलं नाहीत, म्हणून मीच पितो."

रोज...! तिने पेला घेतला. डोळे मिटून आईचं नाव घेतलं, आणि प्यायली.

बकरीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि बाजूला झाली.

"काय काय दिसतंय, सांग मला," दादासाहेब म्हणाले. आणि कल्याणी वळणावळणाने गाडी वर नेत सांगत राहिली— करडा कडा, त्याच्या भेगेतलं एकटं झाड, वर आभाळाची चिंचोळी पट्टी. बाळ एकदाही उठलं नाही.

* * *

पुढच्या संकष्टीला, सरबत पिऊन, ती पास झाली.

आणि त्याच आठवड्यात बेलग्रेव्ह रोडवरच्या ट्रॅव्हल एजंटने तिकिटांबरोबर गाडीचं बोलणं काढलं तेव्हा तो सहज म्हणाला, "लायसन्स वर्षभर जुनं आहे ना? तिकडे नव्या लायसन्सवर गाडी देत नाहीत."

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. वर्षभर? बाबांच्या डोळ्यांना वर्ष कुठून आणायचं?

बाहेर येऊन तिने तिथूनच प्रज्ञेशला फोन लावला. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," पलीकडून आलं.

"पहिल्यापासून?"

"हो."

तिने फोन ठेवला. त्यानंतर तो वाजला तरी उचलला नाही. देवापुढे बसली, तर मंत्रामध्येच तो थर्मास आठवायचा. ज्या माणसाने माझ्यासाठी रोज सरबत आणलं, त्याने एवढी गोष्ट लपवावी? का? फीसाठी? छे, तसा नाही तो... मग कसा आहे? रात्र रात्र कूस बदलून ती थकली.

शेवटी दादासाहेबांनाच बघवेना. "मास्तरांवर रागावू नकोस. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात फोन केला होता. म्हणाले, काका, हिला खरं सांगायला हवं. मीच शपथ घातली, पास होईपर्यंत बोलू नका म्हणून."

"बाबा! का?"

"कारण उद्या मला दिसायचं बंद होईल. तेव्हा दवाखान्यात कोण नेईल? तू बसमध्येसुद्धा जीव मुठीत धरून बसतेस, कल्याणी. दरीच्या निमित्ताने का होईना, स्टीअरिंग धरशील म्हटलं." ते भिंतीकडे वळले. कॅलेंडर त्यांना धड दिसत नव्हतं, पण ते कुठे आहे ते ठाऊक होतं. "दरी काय, इथेही आहेच."

"इथली नाही, बाबा. मी शब्द दिलाय."

"मग जुन्या लायसन्सचा माणूस शोध. मला एक ठाऊक आहे."

* * *

प्रज्ञेश आला तेव्हा बुरबुर पाऊस होता. तो उंबऱ्याबाहेरच थांबला, चष्म्यावर थेंब.

"बाबांनी सगळं सांगितलं," कल्याणी म्हणाली. "मी उगाच... माफ करा. आम्हाला वाळवंटात गाडी चालवायला कुणीतरी हवंय. तुम्ही ड्रायव्हर म्हणून—"

"ड्रायव्हर म्हणून मी नाही येणार."

"बरं," ती कशीबशी म्हणाली.

"तुझ्या शेजारच्या सीटवर बसायला येईन." पहिल्यांदाच तो 'तू' म्हणाला होता. "तिकडे... आणि परत आल्यावर इकडेसुद्धा. कायमचा. चालेल?"

पावसाचा आवाज मोठा झाला, की तिच्या छातीतला... कोण जाणे.

"माझे सोमवार आहेत," ती म्हणाली. "चतुर्थी आहे. रोजचं स्तोत्र आहे. ते काही सुटायचं नाही."

"सोड म्हटलं का मी? मी देवळात हात जोडायला नाही येणार. बाहेर गाडी चालू ठेवून उभा राहीन."

"आणि मी तुमच्या... तुझ्या वंदनेला आले तर?"

"तू आत ये. आम्ही फक्त चपला बाहेर ठेवतो, माणसं नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग दारातून बाजूला झाली, आणि त्याला आत यायला वाट दिली. तिचं उत्तर ते एवढंच होतं, पण त्याला पोचलं. त्या खळीवरून कळलं.

"पुण्याच्या मधुमतीआत्याला मी सांगेन!" स्वयंपाकघरातून दादासाहेबांचा आवाज आला. "ती ओरडेल. ओरडू दे. फोन तिलाच करायला लावू, बिल तरी तिचं!"

* * *

ऑक्टोबरच्या त्या सकाळी लेस्टर अजून धुक्यात होतं. कल्याणीने पुढच्या दोन चाकांखाली लिंबं ठेवली. प्रज्ञेश बॅगा भरता भरता बघत होता.

"ही दोन सरबताला चालली असती."

"तुझ्या थर्मासमध्ये आहेत ना?"

"आहेत."

दादासाहेब मागे बसले. कोटाच्या खिशात कॅलेंडरचं पान, घडी घातलेलं. "लता म्हणाली गाडी तू चालव. कुठली, ते कुठे म्हणाली? विमानतळापर्यंत तू. पुढे वाळवंटात मास्तर." आणि मग, आश्चर्यच, ते गप्प बसले.

प्रज्ञेश शेजारच्या सीटवर बसला, हात मांडीवर ठेवून. शिकवायच्या गाडीसारखा या गाडीत त्याच्या पायाशी ब्रेक नव्हता. कल्याणीने पट्टा ओढून लावला. मोटरवे, भरधाव ट्रक, आणि मागे एक माणूस, ज्याच्याजवळ पाहण्यासाठी थोडेच दिवस उरले होते. भीती कुठेच गेली नव्हती.

तिने आरसा नीट केला. ओठ हलले, ॐ गं गणपतये... मग उजवीकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता.

चालव, गं.

आणि झोपलेल्या बाळाच्या खालून हात काढावा, तसा तिने हळूच क्लच सोडला.