उंबरठा नसलेली कमान

मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलंय. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. अजूनही नाही.

पण हे घडलंय. यातले आकडे माझ्या वहीत तारखेसकट आहेत.

रात्र नव्हती. गेल्या वर्षीचा १२ जून, सकाळचे सात. झाशीहून चिरगाँवकडे जाताना लागणारं आमचं नवं घर.

बाबा रेल्वेतून निवृत्त झाले. सगळं आयुष्य क्वार्टरमध्ये गेलं, म्हणून नवं घर कसं असावं ते आईने ठरवलं. मोबाईलवर तिने मोरोक्कोतल्या एका घराचा फोटो पाहिला होता. मधे चौक, चौकात पाण्याचं छोटं कुंड, जाळीच्या खिडक्या आणि घोड्याच्या नालेसारखी कमान. वर फुगलेली, खाली आत वळलेली.

मूरिश शैली म्हणतात तिला. मी वाचून काढलं. शेकडो वर्षांपूर्वी स्पेनमध्ये आणि मोरोक्कोत लोकांनी असे चौक बांधले, ते उन्हातही गारवा देतात. झाशीतही देतात. भर दुपारी आमचा चौक रस्त्यापेक्षा सहा डिग्रीने थंड असतो. मोजलंय.

आईची अट एकच होती. हॉलमधून चौकात उघडणाऱ्या त्या कमानीखाली उंबरठा हवा. क्वार्टरच्या दाराला उंबरठा नव्हता, तर तिने फळी ठोकून घेतली होती. तीस वर्षं रोज सकाळी सातला त्या फळीवर हळदकुंकू, पुढे रांगोळी.

फेब्रुवारीत आई गेली.

मार्चमध्ये फरशा आल्या. त्यांवर आठ टोकांच्या चांदण्या, हॉलमधून सरळ चौकात जाणाऱ्या. उंबरठा बसवला असता तर चांदण्या मधोमध कापल्या गेल्या असत्या. सुमेधदादा म्हणाला, राहू दे. मीही मान हलवली. 

नको म्हणाला फक्त श्रीकृष्ण मिस्त्री. "बिना देहरी का घर, बिटिया? माताजी होतीं तो हमें डाँटतीं, आपको नहीं."

जूनमध्ये मी आणि बाबा राहायला गेलो. दादा नोएडाला परतला. हॉलमध्ये तेव्हा दोन खुर्च्या होत्या, बाकी काही नाही.

१२ तारखेला सकाळी चौकातून आवाज आला...

टक्... टक्.

मी तो लगेच ओळखला. रांगोळी दमट झाली की आई डबा जमिनीवर दोनदा आपटायची.

डबा मी स्वतः माळ्यावर ठेवला होता.

चौकात कोणी नव्हतं. आवाज मात्र सरकत कमानीपर्यंत आला... आणि थांबला. मग मागे गेला. पुन्हा कमानीपाशी आला.

जागा शोधत असल्यासारखा.

बाबा खुर्चीतून म्हणाले, "सिंधू, आत ये ना."

आईचं नाव, मीठ मागावं तशा आवाजात.

त्यानंतर हे रोज. चाळीस मिनिटं. बाबांनी खाणं सोडलं. ताट पुढे केलं की म्हणायचे, "ती आत आली की खातो." तीन आठवड्यांत सहा किलो वजन उतरलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. मला रडू येत नव्हतं, भीतीही वाटत नव्हती. मी वजन लिहून ठेवत होते.

आणखी एक गोष्ट मोजत होते. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की तिचा आवाज काही वेळ घुमतो. माणसं असली की कमी घुमतो, कारण शरीर आवाज शोषून घेतं. मोबाईलवर मोजता येतं. आमचा हॉल रिकामा असताना २.४ सेकंद. एक माणूस, २.२. मी आणि बाबा, १.९. दादा आला होता तेव्हा तिघांचे १.७.

४ जुलैला मी श्रीकृष्ण मिस्त्रीला बोलावलं. त्याने चांदण्या फोडल्या, काळ्या दगडाचा उंबरठा बसवला. बाबांनी त्यावर हळदकुंकू वाहिलं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता...

टक्... टक्. कमानीपाशी.

मग शांतता. आवाज मागे गेला नाही.

बाबा म्हणाले, "पोहे कर. भूक लागलीये."

बाबा पोहे खात असताना मी टाळी वाजवली. हॉलमध्ये आम्ही दोघंच.

१.७.

पुन्हा वाजवली. १.७.

मी वहीत लिहिलं आणि चहा टाकला. त्यानंतर रोज सातला उंबरठ्यावर दोनदा टकटक, रोज १.७. बाबांचं वजन वाढलं. दादाला फोनवर सांगितलं, सगळं ठीक आहे. ते खोटं नव्हतं.

काल सकाळी आकडा बदलला.

१.९.

दोघांचा. म्हणजे आई गेली. मला जरा मोकळं वाटलं, एवढंच.

तेवढ्यात उंबरठ्यावरून...

टक्... टक्.

म्हणजे आई होती. टाळी वाजवणारी मी होते. समोरच्या खुर्चीत बाबा पोहे खात होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "मीठ बरोबर आहे आज."

मी पुन्हा टाळी वाजवली. मोबाईल बदलला, पुन्हा वाजवली.

१.९.

तिघांतलं एक जण मोजलं जात नाहीये.

आज सकाळपासून बाबा त्याच खुर्चीत आहेत. बोलतात, हसतात, चहा मागतात.

मी अजून त्यांना हात लावून पाहिलेला नाही.