आलो म्हणणारा

हसताय काय रे? ऐकीव गोष्ट नाही ही. माझ्या सख्ख्या साडूची आहे. गावाबाहेरच्या जुन्या राखीव जंगलात तो पहारेकरी होता. चालण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून आम्ही त्याला घोडा म्हणायचो.

गेल्या थंडीतला शनिवार. अमावास्या होती. पायवाटांवर फिरायला आलेली माणसं अंधार पडायच्या आत बाहेर काढायची, हे त्याचं रोजचं काम. त्या संध्याकाळी फाटकाशी एकच स्कूटर उरली होती.

"एक बाई आत गेल्यात," तिकीटवाला म्हणाला. "वाट चुकल्या असतील."

"आणतो कान धरून," म्हणत घोडा बॅटरी घेऊन आत शिरला.

पहिल्या वळणावर त्याने हाक मारली. "कोण आहे? वेळ संपली, चला बाहेर!"

"आलो."

बाईचा नव्हता आवाज. पुरुषाचा. बरं, बरोबर नवरा असेल, म्हणून घोडा थांबला. कुणी आलं नाही. तो पुढे गेला, पुन्हा हाक मारली.

"आलो."

पुढच्या वळणावरून. तेवढ्याच अंतरावरून.

असं करत तो पार संस्थानिकांच्या जुन्या शिकारखान्याच्या पडक्या भिंतींपर्यंत पोचला. रातकिडेसुद्धा गप्प होते. आता मात्र तो थांबला. कारण तो आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटत होता. खूप जवळचा...

त्याने हाक मारली नाही. तोंडच उघडलं नाही.

तरी मागून आलं, अगदी कानाशी.

"आलो."

त्याचाच आवाज होता.

तो गर्रकन वळला. मागे नुसती वाट. आणि खिशातला फोन वाजला. तिकीटवाला होता.

"दादा, पोचलात का घरी? तुमची शाल इथंच राहिली."

"घरी? अरे, मी आत आहे! ती बाई..."

"मस्करी करता काय? बाई मघाशीच गेल्या. तुम्हीच नाही का त्यांना बाहेर आणून सोडलंत? मग घराकडे निघालात. माझ्याशी मात्र एक शब्द बोलला नाहीत..."

घोडा पळत सुटला. फांद्या तोंडावर बसत होत्या. बॅटरी कुठे पडली, कळलं नाही. एकच गोष्ट डोक्यात होती. घरी बायको एकटी आहे.

घरी फोन लावला. कुणी उचलेना.

गल्लीत दिवे होते. घरात अंधार. दाराला आतून कडी. त्याने दोन्ही मुठींनी दार बडवलं.

आतून बायकोची कुजबुज आली.

"कोण आहे? हळू... हे आत्ताच झोपलेत."

घोड्याने दाराच्या फटीला तोंड लावलं.

"अगं... मी आहे. दार उघड. मागे बघू नकोस. नुसतं दार उघड."



मग कडी निघाली. तिने त्याच्याकडे पाहिलं.  त्याचं मनगट धरलं, नखं रुतेपर्यंत.

शेजाऱ्यांना उठवून, दिवे लावून सगळे आत गेले. खोलीत कुणी नव्हतं. खिडकीला गज. मागचं दार बंद.

पलंगावर, घोड्याच्या जागेवर, कुजका पालापाचोळा पडला होता. डोकं, खांदे, दुमडलेले पाय... बायकोच्या उशीकडे तोंड करून कुशीवर निजलेला माणूसच जणू.

मी तेव्हा तिथे होतो. बोलावलं म्हणून धावत गेलो होतो. मीच पुढे होऊन त्या पाल्याला हात लावला.

ओला होता.

आणि... कोमट.