चौऱ्याहत्तर किलो

दातांच्या डॉक्टरांची कंबर धरली ती लोकांच्या तोंडात वाकून वाकून. औषधं झाली, पट्टे झाले, पण चार वर्षांच्या लेकीला उचलणं काही जमेना. दवाखान्यातून घरी आल्या की ठमी हात पसरून उभी, आणि यांनी नुसतं तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा. याचंच त्यांना सगळ्यात वाईट वाटे. शेवटी कुणीतरी इन्फ्रारेड सौना सुचवला.

कपाटाएवढी लाकडी खोली. हवा फारशी तापत नाही, भिंतीतल्या लाल पट्ट्या थेट अंगच तापवतात. आत जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर वजन करायचं. जेवढं घटलं तेवढा घाम, तेवढं पाणी प्यायचं.

तिसऱ्या दिवशी तिथल्या बाईंनी आकडा दोनदा वाचला. "डॉक्टर, आत गेलात तेव्हा अठ्ठावन्न होतात. आता साठ."

"अहो, घाम तर धो धो आलाय."

"तेच म्हणते मी. काटाच बिघडला असेल."

ठमी वजनकाट्यावर एकटी म्हणून उभी राहत नसे. म्हणून घरची जुनी रीत अशी, की आईनं तिला कडेवर घेऊन उभं राहायचं. आईचे अठ्ठावन्न, लेकीचे सोळा. त्या दिवशी डॉक्टरांनी भीतभीतच तिला उचललं, आणि कंबरेनं हूं की चूं केलं नाही. आकडा आला चौऱ्याहत्तर. म्हणजे काटा तिकडचाच बिघडलेला. त्यांनी लेकीचे पापे घेतले.

मग सौनातल्या काट्यावर त्रेसष्ट झाले, अडुसष्ट झाले. कपडे मात्र तेच, उलट सैलच. घरी दोघींचे मिळून चौऱ्याहत्तर. ठमी आता एका हातानं उचलली जाई. जेवत होती, हुंदडत होती, गालही तसेच गुबगुबीत. तरी डॉक्टरांच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

बाराव्या दिवशी बाईंनी नवा कोरा काटा मांडला. डॉक्टर त्यावर चढल्या. दोघींनी आकडा पाहिला.

"उद्यापासून येऊ नका," बाई हळूच म्हणाल्या. त्यांनी पाण्याचा ग्लासही पुढे केला नाही.

भर दुपारी डॉक्टर जवळजवळ धावतच घरी आल्या. ठमीला कडेवर घेऊन काट्यावर उभ्या राहिल्या.

चौऱ्याहत्तर.

हुश्श करून त्यांनी खाली न उतरताच तिला शेजारच्या पलंगावर बसवलं.

आकडा हलला नाही.

पुन्हा उचललं. चौऱ्याहत्तर.

पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती नव्हती.

"आई, दुखतंय. सोड ना!" ठमी हसत हसत म्हणाली.

वाऱ्यानं पडदा हलला. डॉक्टरांनी एका हातानं लेकीला घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं खिडकी लावून घेतली.