टिनाखालचा भाडेकरू

मे महिन्यात नागपुरात गच्चीवरची खोली कुणी भाड्याने घेत नाही. आमच्या प्रताप नगरच्या घरावर तशी एक खोली आहे. वर टिनाचं छप्पर, पश्चिमेला एकच खिडकी. मी नर्स आहे. उन्हाळाभर माझी ड्यूटी उष्माघाताच्या वॉर्डात असते. दुपारी त्या खोलीत माणसाचं काय होईल, हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून मार्तंड नावाचा तो पन्नाशीचा माणूस खोली बघायला आला, तेव्हा मी नाहीच म्हणाले.

"राहू दे ना वं," माझा नवरा रविंद्र म्हणाला. "कूलर देऊ त्याले."

दुसऱ्याच दिवशी मार्तंडने कूलर खाली आणून ठेवला. "मले नाही लागत, ताई." पारा सेहेचाळीसवर होता. त्याच्या शर्टाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या, आणि कपाळावर घामाचा टिपूस नाही.

मला संशय आला. एवढ्या उन्हात दार लावून हा करतो काय? मी रविंद्रला वर पाठवलं. तो बऱ्याच वेळाने उतरला.

"काही नाही वं. गप्पा मारून राह्यलो होतो."

मग तो रोजच दुपारी जाऊ लागला. गप्पा कसल्या, ते सांगेना. खाली यायचा तेव्हा बनियन कोरडं असायचं. घरातला कूलर बंद करायचा. माठातलं पाणी पिणंही सोडलं. एकदा नाडी बघायला मनगट धरलं, तर हात झटकन मागे घेतला.

"काहून तपासून राह्यली मले?"

मार्तंड मात्र दिसेनासा झाला. विचारलं, तर रविंद्र नजर चुकवत म्हणाला, "आहेत ना वर."

त्या दुपारी मी स्वतः वर गेले. जिन्याच्या लोखंडी कठड्याला हात लावणं अशक्य होतं. दार ढकललं, आणि भट्टीसारखी झळ तोंडावर आली.

रविंद्र कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"दार लाव," तो पुटपुटला. "थंडी आत येते."

"खाली चल आधी. मार्तंड कुठे आहे?"

त्याने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. झोपले आहेत."

समोरची खाट रिकामी होती.

नवारीला मधोमध झोळ पडला होता.

मी बघत असतानाच खाट करकरली, आणि तो झोळ सावकाश कुशीवर वळला.