उष्टं नावाचं फोल्डर

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही. घडलं ते माझ्या मावसबहिणीच्या घरात, आणि ज्या दोघांनी ते डोळ्यांनी पाहिलं ते आजही त्याबद्दल जेवायच्या आधी बोलू देत नाहीत.

मावसबहिणीला आम्ही सगळे बारकी म्हणतो.

भुताच्या गोष्टीत असते तशी अमावस्येची मध्यरात्र नव्हती. थंडीतली लख्ख दुपार होती. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मागची छोटी खोली. भिंतींना फोमचे तक्ते, खिडकीला जाड पडदा, टेबलावर कॉम्प्युटर.

तिथे बारकी आवाज धुते.

म्हणजे लोक कानाने ऐकतात ती पुस्तकं असतात ना, त्यांची रेकॉर्डिंग तिच्याकडे येतात. वाचताना माणसाच्या तोंडातून नको ते आवाज निघतात. ओठांची चपचप, जिभेची टकटक, थुंकी गिळल्याचा घोट. ते एकेक शोधून कापायचं, हे तिचं काम.

इतकी वर्षं हे केल्यावर बारकीला तोंडाच्या आवाजाचीच किळस यायला लागली होती. नवरा बोटीवर नोकरीला. घरात ती आणि सासूबाई. सासूबाई बशीत चहा ओतून असा काही भुरका मारायच्या की बारकी उठून गॅलरीत जायची.

"अगं, भुरकल्याशिवाय चहाला चव येते का?"

"तुम्ही भुरका हो आई, मी दोरीवरचे कपडे काढते."

एरवी दोघींचं छान मेतकूट जमलं होतं. सासूबाई जुन्या गोष्टी इतक्या रंगवून सांगायच्या की बारकीने त्या रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर जपून ठेवल्या होत्या.

त्या सुमारास तिच्याकडे मास्तरांचं पुस्तक होतं. मास्तर म्हणजे तिला काम देणाऱ्या ऑफिसचे सगळ्यात जुने, पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारे वाचक. आवाज खणखणीत. पण तोंड… कायम ओलं. प्रत्येक परिच्छेदानंतर एक जाड घोट, आणि घोटाच्या शेवटी कफाची गाठ सुटल्यासारखं काहीतरी घशात लोळायचं. बारकी ते कापायची आणि उठून चूळ भरून यायची.

कापलेले तुकडे ती लगेच पुसत नसे. कधी घोटाबरोबर एखादं अक्षर जातं आणि ऑफिस बोंब मारतं. म्हणून पुस्तक मंजूर होईपर्यंत तुकडे एका फोल्डरमध्ये राहायचे. फोल्डरला तिनेच गमतीत नाव दिलं होतं.

उष्टं.

पुस्तक वाचून झालं आणि थोड्याच दिवसांत मास्तर वारले. घशाचंच काहीतरी दुखणं होतं म्हणे. शेवटी शेवटी पाण्याचा घोटही उतरत नव्हता.

बारकीला वाईट वाटलं. पण काम थांबत नाही.

त्यातच तिचा कॉम्प्युटर रडायला लागला. धाकट्या दिराने विंडोज काढून त्यावर लिनक्स टाकून दिलं. मशीन पळायला लागली. पण ऑफिसची सगळी देवाणघेवाण एका जुनाट प्रोग्रामवर चालायची, आणि तो फक्त विंडोजचा. आपलं एक फोल्डर शेअर करायचं, बाकीच्यांनी त्यातून फायली ओढून न्यायच्या, असा प्रकार.

"काळजी करू नका वहिनी," दीर म्हणाला. "वाइन नावाचं एक सॉफ्टवेअर असतं. ते या प्रोग्रामला फसवतं. बिचाऱ्याला वाटतं आपण विंडोजमध्येच आहोत."

"म्हणजे सासरी आणायचं आणि माहेरीच आहेस म्हणून सांगायचं."

"अगदी तसंच!"

प्रोग्राम उघडला. कोणतं फोल्डर शेअर करायचं, त्याने विचारलं. दिराला निघायची घाई. तो भराभर ओके, ओके दाबत गेला. ऑफिसातल्या लोकांची नावं पडद्यावर दिसायला लागली, तसा तो खूश होऊन गेला.

बारकीने यादी पाहिली. संपादक. मिक्सिंगवाला. हिशेबनीस बाई.

आणि सगळ्यात खाली… एक रिकामी ओळ.

नाव नाही. पण जोडलेला होता.

बारकीने लक्ष दिलं नाही. हेडफोन लावला, काम सुरू केलं. मध्येच तिची नजर गेली. तिच्या कॉम्प्युटरवरून फायली जात होत्या. छोट्या छोट्या. एकामागून एक.

उष्टं फोल्डरमधून.

घोट. चपचप. घोट. खाकरा. घोट…

रिकामी ओळ ते सगळं ओढून घेत होती.

"शी! कुणाला हवीय थुंकी?" बारकी स्वतःशीच म्हणाली. तिने संपादकाला फोन लावला.

"आम्ही कोणीच काही घेत नाही आहोत," संपादक म्हणाला. मग थांबला. "अहो बाई, तुमचं सगळंच दिसतंय की आम्हाला. घरचे फोटोसुद्धा."

तिचं धाबं दणाणलं. लगेच दिराला फोन.

"चूक झाली वहिनी, माझीच. वाइन एक झेड ड्राइव्ह दाखवतं. झेड म्हणजे आख्खा कॉम्प्युटर. घाईत तोच शेअर झाला. आधी प्रोग्राम बंद करा."

"करते. पण हा बिननावाचा कोण आहे?"

"त्यावर क्लिक करून पत्ता वाचा बरं."

तिने आकडे वाचून दाखवले.

पलीकडे दिराने ते आकडे पुन्हा पुटपुटून पाहिले.

"भाऊजी?"

"वहिनी… हा पत्ता बाहेरचा नाही. प्रत्येक मशीन स्वतःला याच पत्त्याने ओळखते. म्हणजे जो कोणी आहे तो…"

"मी येतो," एवढंच म्हणाला.

बारकीने प्रोग्राम बंद केला. कॉम्प्युटरवरची त्याची खिडकी मिटली. खोलीत शांतता.

मग तिला वास आला.

शिळ्या तोंडाचा. न धुतलेल्या कवळीच्या पाण्याचा. गरम, दमट. ती वाकून हुंगायला गेली आणि झटकन मागे झाली. वास कॉम्प्युटरच्या मागून येत होता. पंख्याची हवा तिच्या मनगटावर आली तेव्हा मनगट ओलं झालं.

पंखा एकसारखा फिरत नव्हता…

हवा बाहेर. थांबणं. हवा आत. थांबणं.

टेबलावर ठेवलेल्या हेडफोनमधून बारीक आवाज येत होता. तिने तो उचलला. कानाच्या गाद्या चिंब. दोन्ही गाद्यांमध्ये लाळेची तार लोंबत होती. तुटेना. ताणली गेली, तिच्या बोटांना चिकटली, आणि थंड नव्हती.

कोमट होती.

तिने हेडफोन आपटला तशी त्याची पिन निसटली, आणि आवाज स्पीकरवर आला.

शब्द होते. पण गळ्यातून आलेले नव्हते. नुसत्या चपचपीतून, टकटकीतून, घोटांतून कोणीतरी शब्द जुळवले होते. चिखलातून पाय उपसावा तसं एकेक अक्षर सुटत होतं.

"अ… जून… ह… वंय…"

घोट.

आणि तो शेवटी घशात लोळणारा आवाज.

पडद्यावर बंद केलेली खिडकी आपोआप उघडली होती. फायली पुन्हा जात होत्या. पण आता उष्टं फोल्डरमधून नाही.

'आईंच्या गोष्टी' मधून.

बारकीने माउस हलवला. बाण जागचा हलेना. माउसखाली काहीतरी बुळबुळीत होतं. खाली बघायची तिची हिंमत झाली नाही.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं…

घर फार शांत आहे.

ही सासूबाईंच्या चहाची वेळ. बंद दारातूनही भुरका ऐकू यायचा. आज काहीच नाही.

ती बाहेर धावली.

सासूबाई स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. व्यवस्थित. बशी ओठांना लावलेली. ओठ पुढे काढलेले, गाल आत गेलेले. बशीतला चहा कमी होत होता.

आवाज नव्हता.

त्यांनी टोस्ट उचलला, चावला. कडक टोस्ट. तुकडे पडले, चुरा पदरावर सांडला.

आवाज नव्हता.

"आई…"

"काय गं? अशी काय बघतेस भूत पाहिल्यासारखी?" त्यांचं बोलणं नेहमीचंच होतं. "आज चहाला चवच नाही बघ. दूध बदललंस का?"

"आई, तोंड उघडा."

"मी काय लहान आहे?"

"उघडा हो!"

त्यांनी तोंड उघडलं. आताच चहा प्यायलेलं तोंड. त्यात थेंबभर ओल नव्हती. जीभ पुठ्ठ्यासारखी. आणि तिच्यावर, कपाटाच्या माथ्यावर साचते तशी… राखाडी धूळ.

बारकीने पदराच्या टोकाने पुसली. जिभेवर बोटाचा पट्टा उमटला.

बारकी बेसिनपर्यंतही पोचली नाही. तिथेच ओकली. मग तशीच खोलीकडे पळाली आणि भिंतीतली पिनच उपटली.

पडदा काळा झाला. पंखा मंदावत मंदावत थांबला.

अगदी शेवटी, वीज नसलेल्या त्या डब्यातून, एक घोट ऐकू आला. पोट भरल्यावर माणूस घेतो तसा. सावकाश.

दीर पोचला तेव्हा दोघी जिन्यात बसल्या होत्या. त्याने एकट्याने कॉम्प्युटर उघडला. आत सगळीकडे तारा होत्या, वायरींच्या नव्हेत. दाट, पांढरट, बुडबुडे असलेल्या. त्याला वाटलं, काहीतरी वितळून गळलं असेल. त्याने त्यात बोट घातलं आणि नाकाशी नेलं.

तो आजही त्या हाताने जेवत नाही.

मशीन त्यांनी डिस्कसकट फोडून टाकली. बारकीने ते काम कायमचं सोडलं. आता कापडाच्या दुकानात बसते. डॉक्टरांनी सासूबाईंचं तोंड, घसा, सगळं तपासलं. "उत्तम आहे. लाळही व्यवस्थित आहे," म्हणाले.

पण आवाज नव्हता. चावायचा नाही, गिळायचा नाही, खोकल्याचासुद्धा नाही. ज्या भुरक्यावर बारकी वैतागायची, तो ऐकायला ती दाराआड उभी राहायची. रडायची.

आणि मग एका सकाळी, आईला बघायला आलेला दीर ओरडला, "वहिनी! लवकर या! आईचा आवाज आला!"

बारकी ओले हात घेऊन धावली. सासूबाईंनी बशी तोंडाला लावली होती. चहा ओढला. गिळला.

दिराने टाळी वाजवली. सासूबाई हसल्या.

बारकी दाराला धरून उभी राहिली. सगळा मिळून शंभर तास तरी तिने तो घोट ऐकला असेल, कापला असेल. जाड घोट. आणि शेवटी, कफाची गाठ सुटल्यासारखं घशात काहीतरी लोळतं.

तिने दिराला काहीच सांगितलं नाही. कुणालाच नाही, मला सोडून.

मीही म्हटलं, तुझ्या मनाचे खेळ आहेत. मग मागच्या रविवारी तिच्याकडे गेलो. जेवणं झाली. सासूबाई माझ्यासमोरच बसल्या होत्या. ताट रिकामं, ओठ मिटलेले, माझ्याकडे बघून मायेने हसत होत्या.

"किती वाळलास रे," म्हणाल्या आणि पुन्हा ओठ मिटले.

गाल हलत नव्हते. जबडा हलत नव्हता.

मी त्यांच्या अगदी जवळ होतो, म्हणून ऐकू आलं…

त्या बंद तोंडात कोणीतरी अजून जेवत होतं.