खिडकीची जागा

आता तिथं कुसळं वाढलीत. पण पंच्याहत्तरच्या सुमाराला सांगलीजवळच्या त्या धावपट्टीवर विमानं कमी आणि हळद जास्त उतरायची. शिजवलेली हळद वाळवायला एवढं सपाट खळं दुसरं कुठं मिळणार?

अंजना अशीच हळद पसरत बसलेली, तोच डोक्यावर घरघर आली. विमान टेकता टेकता परत वर गेलं, लांब टोकाला जाऊन उतरलं. आतून तेलानं माखलेला एक गडी पळत आला.

"आवं, ही विमानाची वाट हाय!"

"मग हॉर्न वाजवायचा की!"

त्यानं डोकं खाजवलं... आणि तो खाली बसून हळद गोळा करू लागला. हा लोणंदचा जोतीराम, एका छोट्या विमान कंपनीच्या एकुलत्या एक विमानाचा मेकॅनिक.

मग रोजचंच झालं. विमानाच्या वेळेला ती हळद बाजूला ओढायची, तो मदतीला यायचा अन् पिवळे हात घेऊन इंजिनाकडं परतायचा. पायलट चिडवायचा, "काय रं, हळद लागली व्हय? मग लगीन कवा?" जोतीरामचे कान लाल व्हायचे. अंजना उगीच आभाळात बघायची. काय दिवस होते ते!

एक दिवस तो आला तो हळदीला हात न लावताच म्हणाला,

"इकडं विमानं वाढावी म्हनून सरकार विमानाच्या तेलावरचा कर माफ करनार हाय. पर उद्या साहेब येऊन बघनार, मान्सं बसत्यात का. न्हाई बसली तर माफी न्हाई... कंपनी बंद. मग मी नोकरीसाटी दिल्लीला."

"जावा की," अंजना म्हणाली. पण हातातली हळद ती एकाच जागी पसरत राहिली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. फुकट फेरी म्हटल्यावर गाव लोटलं. बायकांनी विमानाला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. पण आत बसायला? एक न्हाई!

"आदी तू बस की गड्या!"

"मी? माजी म्हस व्यायला झालीया!"

साहेबांनी घड्याळ बघितलं. जोतीरामची मान खाली गेली.

अंजना एसटीच्या गर्दीत जागा धरत वाढलेली पोर. तिनं खांद्यावरचा टॉवेल विमानाच्या दारातून आत भिरकावला. "खिडकीची जागा माजी! धरली!"

झालं! कुणी जागा धरली म्हटल्यावर मागं राहील ते गाव कसलं? टोप्या, पिशव्या, पटके धडाधड आत पडू लागले.

"आवं, माजी टोपी आदी पडलीया!"

"टोपीला बसू द्या, तुमी उतरा!"

साहेब पोट धरून हसले. "बास, बास! माफीची शिफारस करतो!"

पहिल्याच फेरीत अंजना खिडकीशी, शेजारी जोतीराम. खाली कृष्णेचं वळण, उसाचे हिरवे तुकडे... तो काहीतरी बोलला.

"काय?"

तो पुन्हा बोलला. इंजिनापुढं कुणाचं चालतंय!

"ऐकू येत न्हाई!"

विमान उतरलं, दार उघडलं, तरी गडी ओरडतच होता. आणि पायलटनं, लबाड मेला, नेमकं तेव्हाच इंजिन बंद केलं.

"अंजना, तुज्याबिगर मला करमत न्हाई!"

सगळं गाव वळून बघू लागलं. दाराशीच अंजनाचे वडील उभे, पलटणीतून सुभेदार होऊन आलेले नाथाजी. त्यांनी मिशीवर हात फिरवला.

"अंजे, ऐकू आलं का?"

अंजनानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"न्हाई आबा... त्यास्नी परत म्हनायला सांगा."