हातसलामी

पहिल्यांदा नजीरानं त्याचे फक्त पाय पाहिले.

एका उभ्या लाकडी पेटीच्या मागून दोन पाय बाहेर आले होते. त्यातल्या एका पायातली चप्पल निसटली होती. पेटीच्या आतून आवाज आला, "जरा स्क्रू ड्रायव्हर द्या की. स्टुलावर हाय."

नजीरा खरं तर भांडायला आली होती. येतानाच तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती, ओली छत्री काठीसारखी धरली होती... पण मागितलेली वस्तू समोर दिसत असताना ती न देणं तिला जमलं नाही. तिनं स्क्रू ड्रायव्हर पुढं केला.

"ह्यो न्हवं, बारका."

"बारका इथं नाही."

"मग माझ्याच खिशात असंल."

"मग? आता मी तुमच्या खिशात हात घालू?"

पेटीच्या आत डोकं आपटल्याचा आवाज झाला. मग धुळीनं माखलेला एक तरुण माणूस कपाळ चोळत बाहेर आला आणि तिच्याकडं नुसता बघत राहिला. बराच वेळ. नजीरानं मनातल्या मनात एक ते दहा मोजले, तरी तो काही बोलेना.

"मी शेजारची," शेवटी तीच म्हणाली. "तुमच्या या पेट्यांचा आवाज आमच्या भिंतीतून येतो. 'ढिशुम' आणि 'धाड', दिवसभर. मला वह्या तपासायच्या असतात. बंद करा."

"बसा की," तो म्हणाला.

मंगळवार पेठेतला तो गाळा नजीराच्या घराला अगदी चिकटून होता. पूर्वी तिथं पेंडीचं दुकान होतं. आता इचलकरंजीहून आलेल्या निसारनं तिथं व्हिडिओ गेमच्या दोन पेट्या मांडल्या होत्या. घरच्या यंत्रमागांचा खडखडाट ऐकत तो मोठा झालेला, त्यामुळं आवाज म्हणजे काय हेच त्याला कळत नसावं, असं नजीराचं मत झालं. शिवाय भिंतीच्या अलीकडची खोली अब्बांची होती. ते तिनं त्याला सांगितलं नाही.

तिचे अब्बा, गैबी पंच, कुस्तीच्या मैदानात पंच म्हणून उभे राहायचे. आधी ठरवून लढलेली नुरा कुस्ती त्यांना लांबून ओळखू यायची आणि दोन्ही पैलवानांना ते भर मैदानातून हाकलून द्यायचे. उन्हाळ्यात एका जत्रेतून घरी आले, खुर्चीत बसले, "चहा टाक गं," म्हणाले. ती चहा घेऊन आली, तेव्हा तो घ्यायला कोणी नव्हतं. दुखणं नाही, खुपणं नाही. तेव्हापासून अब्बांची बहीण, लालबी फुफी, मिरजेहून येऊन तिच्या सोबतीला राहिली होती.

दुसऱ्या दिवशी निसारनं भिंतीला जुन्या गाद्या ठोकल्या. पेट्यांचा आवाज थांबला. पण खेळायला येणाऱ्या पोरांची ओरड काही थांबली नाही. "दगा! दगा दिला टकल्यानं!"

चौथ्या दिवशी नजीरा पुन्हा गाळ्यात उभी.

"कोण हा टकल्या? आणि रोज कसला दगा देतो?"

निसारनं तिच्याकडं पाहिलं. मग पेटीकडं. मग पुन्हा तिच्याकडं... "खेळून बघा की बाई," तो एकदाचा म्हणाला आणि त्यानं स्वतःच नाणं टाकलं.

पडद्यावर पांढऱ्या कपड्यातला एक कराटेवाला होता. तो म्हणजे नजीरा. समोर एक टक्कल केलेला आडदांड गडी. नजीरानं छत्री बगलेत धरली, बटण दाबलं, आणि काही कळायच्या आत ती आडवी झाली होती.

"मी बटण दाबलं होतं!"

"व्हय."

"मग तुमचा माणूस हात का उचलत नाही? मी दाबल्यावर पत्र पाठवून कळवावं लागतं का त्याला?" ती पुन्हा खेळली. पुन्हा आडवी. "हे बघा! याच्या छाताडावर माझी लाथ बसली, बसली की नाही? मग याला काहीच कसं होत नाही? आणि मी अजून उठतेय, गुडघ्यावर आहे, तोवर परत मारतो? आणि मारायच्या आधी काही... खांदा हलवावा, पाय मागं घ्यावा, काहीतरी इशारा हवा की नको? माणसानं बघायचं काय, अडवायचं काय? असं सरळ उभं राहायचं आणि एकदम..."

ती थांबली. डोळ्यांसमोर टकल्या नव्हता, अब्बांची खुर्ची होती.

"हा खेळ नाही," ती हळू म्हणाली. "हा दगाच आहे."

निसार तिच्याकडं ज्या तऱ्हेनं बघत होता, त्यावरून त्याला काहीतरी समजलं असावं. काय समजलं ते सांगेल तर शपथ!

आठवडाभरानं त्यानं दारातून हाक मारली. बटणाखालची पट्टी सैल होती, ती बसवली होती. "आता दाबलं की लगेच. आणि टकल्या लई कडक लावून पाठवलावता, मुंबईवाल्यानं. आत बारकं खटकं हायत, त्यानं कडक-मऊ करता येतंय. मधी आणलाय. आता हाणायच्या आधी खांदा हलतोय बघा."

हलत होता. उजवा खांदा जरासा खाली जायचा, मग ठोसा यायचा. नजीरा तीन वेळा हरली, पण तीनही वेळा आपलं कुठं चुकलं ते तिला कळलं. चौथ्या वेळी तिनं खांदा हेरला, वार चुकवला आणि लाथ मारली. धाड! क्षणभर सगळं चित्र थबकलं आणि टकल्या मागं कोसळला.

"थांबलं का ते?" ती म्हणाली.

"मार बसला की थांबतंय. पापणी लवायच्या आत. त्ये थांबलं न्हाई तर मार बसल्यागत वाटत न्हाई."

नजीराला मैदान आठवलं. खांदे मातीला टेकले की हलगी एकदम थांबायची. मग गर्दी ओरडायची, पण त्या आधीचा तो एक क्षण... अब्बा म्हणायचे, कुस्ती त्या क्षणासाठी बघायची. हे तिनं निसारला सांगितलं. सांगता सांगता बरंच काही सांगितलं. कुस्तीच्या आधी दोघांना हातसलामी करायला लावताना अब्बा कसे बोटं घट्ट दाबून घ्यायचे, "मार, पण सांगून मार," असं कसं म्हणायचे, तेही सांगितलं.

मग शाळा सुटली की ती गाळ्यात यायला लागली. वह्या तिथंच तपासायची. श्रावणातली सर आली की पत्र्यावर ताशा वाजायचा आणि निसार काही न बोलता तिचं स्टूल गळतीखालून सरकवायचा. चहा आणायचा. बशीत ओतून आधी तिच्याकडं करायचा. बोलायचा मात्र नाही!

"तुम्हाला काही विचारलं की उत्तर इचलकरंजीहून येतं का हो?" ती चिडून म्हणायची.

तो हसायचा. त्याचं हसूही जरा उशिराच यायचं, पण आलं की सगळा गाळा उजळायचा. त्याचाही तिला राग यायचा.

"गुरुवारी निघायचं," फुफीनं एक दिवस जाहीर केलं. "माझ्या पोरानं, हुसेननं, मिरजेच्या शाळंत बोलून ठेवलंय. एकटी पोरगी किती दिवस राहणार? घराला कुलूप लावायचं."

नजीरानं ही बातमी निसारच्या कानावर घातली. मुद्दाम, सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारत. मग त्याच्या तोंडाकडं बघत थांबली.

"मिरज," तो म्हणाला.

"हो. मिरज."

"...चांगलं गाव हाय."

छत्री त्याच्या डोक्यात घालावी असं तिला वाटलं.

बुधवारी ती शेवटचं खेळायला आली. त्या दिवशी तिला काय झालं होतं कोणास ठाऊक, तिचा एक वार फुकट जाईना. टकल्या पडला. त्याच्या मागचा साखळीवाला पडला, तलवारवालाही पडला. पोरं नाचायला लागली. नजीरा हसत सुटली. कितीतरी दिवसांनी, पदर तोंडाला न लावता... आणि मग तिच्या लक्षात आलं. तलवारवाला तिच्या लाथेनं पडला नव्हता. लाथ त्याला लागलीच नव्हती.

तिनं बटणावरचे हात उचलले आणि वळली.

"खटका फिरवलात?"

निसार पेटीवरची धूळ पुसायला लागला.

"निसार, मी विचारतेय. मऊ केलंत ना सगळ्यांना?"

"तुमी हसावं म्हणून," तो पुटपुटला. "जायच्या आधी एकदा."

"नुरा!" नजीराचा आवाज असा चढला की पोरं आपोआप दारापर्यंत मागं सरली. "गैबी पंचाच्या लेकीला नुरा खेळायला लावलीत? मी सोपं मागितलं होतं? मी खरं मागितलं होतं! हरले असते तर काय मेले असते का मी? हरायची सवय आहे मला. आधी सांगून हरवा, एवढंच म्हणणं होतं..."

तिनं छत्री उचलली. बाहेर सर कोसळत होती. छत्री न उघडताच ती घरी गेली.

गुरुवारी सकाळी रिक्षा दारात आली. फुफीनं ट्रंक चढवली, कुलपाची किल्ली कमरेला खोचली. नजीरा पायरी उतरली, तर समोर निसार. केस नीट विंचरलेले, अंगावर इस्त्रीचा शर्ट, दोन्ही चपला पायात.

"एक डाव," तो म्हणाला.

"आता?"

"खटका मधी आणलाय. दोघांचा डाव. टकल्या न्हाई, तुमी आणि मी." त्यानं शर्टाची बाही वर सरकवली. "मला एक वार करायचाय. सांगून."

नजीरानं फुफीकडं बघितलं. फुफीनं आकाशाकडं बघितलं. "या अल्ला! जा. पण लौकर. मी रिक्षात बसतो."

गाळ्यात दोघंच होती. निसारनं नाणं टाकलं. पडद्यावर पांढरा आणि तांबडा असे दोन कराटेवाले समोरासमोर उभे राहिले. नजीरानं बटणावर बोटं ठेवली.

"तसं न्हाई," निसार म्हणाला. "आधी हातसलामी."

त्यानं हात पुढं केला. नजीरा त्या हाताकडं बघत राहिली. बोटाला तारा डागताना भाजल्याचा चट्टा होता. इतक्या दिवसांत त्यांचा एकमेकांना स्पर्श झाला नव्हता. बशी देतानासुद्धा तो बोटं सांभाळायचा.

तिनं हात दिला.

"आता खांदा हलवतोय," तो म्हणाला. "नीट बघा. पायजे तर चुकवा. मी... मला तुमी जायला नको हाय. पहिल्या दिवसापासनं सांगायचंय, पर तुमी समोर आला की माझं बटण सैल हुतंय. माझ्या अब्बांना मिरजेला धाडायचं का तुमच्या फुफीच्या घरी, न्हायतर आत्ताच रिक्षात जाऊन मीच..."

"हो."

"आँ?"

"हो म्हणाले."

"अवो, वाक्य तरी पुरं करू द्या की!"

"तुमचं वाक्य पुरं होईस्तोवर माझे केस पिकतील," नजीरा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती रागावलेलीही होती, दोन्ही एकदम. "किती दिवस दाबतेय बटण! काही हलेल तर ना तिकडं. मिरज चांगलं गाव हाय म्हणे!"

"चुकलं."

"ठीक आहे. मार बसला."

मग सगळं थबकलं. पत्र्यावरची सर, रस्त्यावरची सायकलची घंटी, सगळं. निसारनं बोटं घट्ट दाबली होती, अब्बा दाबून घ्यायचे तशी, आणि सोडायचं कोणालाच सुचत नव्हतं. पडद्यावर पांढरा आणि तांबडा एकमेकांकडं बघत नुसते उभे होते.

बाहेर रिक्षाचा भोंगा वाजला. पाठोपाठ फुफी दारात आली. तिनं आधी हात पाहिले, मग दोघांची तोंडं, मग पडदा. वेळ संपल्याची शिट्टी वाजली होती.

"कोण जिंकलं?" तिनं विचारलं.

"बरोबरीत सुटली," नजीरा म्हणाली.

"एवढा वेळ लावून?" फुफी कडाडली आणि ट्रंक उतरवायला रिक्षाकडं वळली.